पुढची कॉर्व्हेट कशी असावी, हे कसे सांगावे

शेवरोले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारचा नवा अवतार येणार अशी कुणकुण लागली, की त्याविषयी आपले ठाम मत असणे हे सुजाण माणसाचे कर्तव्य ठरते. मोटार आपल्याला घ्यायची आहे की नाही, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. उलट, घ्यायची नसेल तर मत अधिक निर्भीडपणे मांडता येते, कारण हप्ते भरणारा माणूस नाही म्हटले तरी थोडा दबूनच बोलतो. याच कंपनीची बीट ही छोटी गाडी आपल्या तळेगावात तयार होत असे आणि २०१७ साली कंपनीने भारतातली विक्रीच गुंडाळली, हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा पुण्यात बसून अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन इथे असलेल्या कॉर्व्हेटच्या कारखान्याला सूचना करणाऱ्याच्या निःस्वार्थीपणाबद्दल कोणालाही शंका घेता येणार नाही.

मागणी नेहमी एकच ठेवावी: गाडी संपूर्ण नवी असावी आणि तिच्यात काहीही बदललेले नसावे. यात विसंगती दिसते असे कोणी म्हणाले, तर ‘परंपरा’ हा शब्द उच्चारून त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहावे.

परंपरेचा आरंभ कुठून धरायचा, हे मात्र आधी नीट ठरवून घ्या. थेट १९५३ पर्यंत मागे जाल तर फसाल. त्या वर्षी जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातल्या प्रदर्शनात तेव्हाचे डिझाइनप्रमुख हार्ले अर्ल यांचे हे स्वप्न लोकांपुढे आले आणि वर्षअखेरपर्यंत मिशिगनमधल्या फ्लिंट गावी अशा ३०० गाड्या बांधल्या गेल्या; सगळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून लाल. इथपर्यंत ठीक आहे. पण त्या गाडीला इंजिन होते सहा सिलिंडरचे, गिअर होते दोन आणि तेही आपोआप पडणारे, दाराला बाहेरून मूठ नव्हती आणि खिडकीला वरखाली होणाऱ्या काचेऐवजी लावायचे-काढायचे पडदे होते. पुढच्या वर्षी ३,६४० गाड्या तयार झाल्या, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश वर्ष संपले तरी गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या होत्या. आठ सिलिंडर आणि हाताने टाकायचा गिअर हाच कॉर्व्हेटचा आत्मा, असे भाषण तुम्ही पाठ केले असेल, तर हा इतिहास त्यात फार अडचणी निर्माण करतो. म्हणून परंपरा त्या वर्षापासून धरावी, ज्या वर्षी तुम्ही सोळा वर्षांचे होता.

आता मागच्या दिव्यांकडे वळू, कारण अभ्यासकाची खरी परीक्षा तिथे होते. १९६१ पासून कॉर्व्हेटच्या मागे चार गोल दिवे असत. जानेवारी २०१३ मध्ये डेट्रॉइटला सातव्या पिढीची गाडी दाखवली गेली, तेव्हा तिला ॲल्युमिनियमचा सांगाडा होता, ६.२ लिटरचे ४५५ अश्वशक्तीचे इंजिन होते, सात गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स होता आणि स्टिंगरे हे जुने नावही तिला सन्मानाने परत मिळाले होते. जाणकारांनी यातल्या कशानेही विचलित न होता थेट गाडीच्या मागे जाऊन पाहिले आणि दिवे कोनदार असल्याचे उघडकीस आणले. ‘हे तर कॅमारोचे दिवे!’ हा त्यांचा उद्गार तुम्हीही घोकून ठेवा. कॅमारो ही याच घरातली कमी किमतीची बहीण, त्यामुळे धाकटीचे कपडे थोरलीला नेसवल्याचा जो संताप व्हायला हवा, तो आवाजात उतरला पाहिजे. १९९७ च्या गाडीत हेच दिवे लंबगोल झाले होते, हे आठवत असले तरी बोलू नका. तसेच बॉनेटमध्ये लपणारे हेडलाइट २००५ च्या गाडीतून गेले म्हणून हळहळताना पहिली दहा वर्षे ते उघडेच होते, हेही सोयीस्करपणे विसरावे.

या शास्त्रातला सर्वांत बोधप्रद अध्याय मात्र १९६३ च्या स्टिंग रेच्या मागच्या काचेचा आहे. डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांनी गाडीच्या टपापासून शेपटीपर्यंत एक कणा काढला आणि त्यामुळे मागच्या काचेचे दोन तुकडे झाले. झोरा आर्कस-डंटोव्ह हे अभियंते होते. आरशात मागचा रस्ता दिसावा अशी त्यांची साधी अपेक्षा होती आणि त्यांनी या कण्याला विरोध केला. मिचेल अडून बसले. एका वर्षात कणा गेला, १९६४ च्या गाडीला अखंड काच आली. तेव्हा १९६३ च्या काही मालकांनी, आपली गाडी जुनी दिसू नये म्हणून, मधली पट्टी कापून काढून तिथे नवी अखंड काच बसवून घेतली. आज ती दुभंगलेली काच शाबूत असलेली गाडी संग्राहकांना जीव की प्राण आहे आणि कापलेल्या गाडीचा मालक लिलावात इतरांच्या गाड्यांचे आकडे ऐकत बसतो. आता मागचे दाखवायला कॅमेरा असतो, त्यामुळे पुढच्या पिढीत काच दुभंगावी, अशी मागणी तुम्ही निर्धास्तपणे करू शकता.

डंटोव्ह यांचे दुसरे मागणे होते, इंजिन चालकाच्या पाठीमागे नेण्याचे. १९६० साली त्यांनी तशी प्रायोगिक गाडी बांधली, १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तसा आणखी एक नमुना कंपनीने दाखवला, दाखवून आत नेला, आणि १९७५ मध्ये डंटोव्ह निवृत्त झाले. १९९६ साली ते वारले. त्यांच्या अस्थी बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहेत. जुलै २०१९ मध्ये आठव्या पिढीच्या गाडीत इंजिन अखेर मागे गेले. इथे वेळेचे भान महत्त्वाचे आहे. गाडीचे अनावरण होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत इंजिन मागे नेण्याची हिंमत नसलेल्या कंपनीची टवाळी करावी. दुसऱ्या दिवसापासून, लांबलचक बॉनेट हीच कॉर्व्हेटची ओळख होती आणि ही तर फेरारीची नक्कल आहे, असे म्हणावे. हाताने गिअर टाकण्यासाठी लागणारा क्लचचा तिसरा पेडल गेला म्हणून शोकही करावा. सातव्या पिढीत तो पेडल मिळत असताना बहुसंख्य ग्राहकांनी ऑटोमॅटिकच घेतली, पण ते ग्राहक होते, आपण रसिक आहोत.

किमतीबाबत संकोच नको. आठव्या पिढीची मूळ किंमत ५९,९९५ डॉलर जाहीर झाली तेव्हा ती अविश्वसनीय कमी असल्याचे सर्वांनी मान्य केले. तुम्ही पुढची त्याहून स्वस्त मागा. २०२५ च्या झेडआर१ या जास्त ताकदीच्या कॉर्व्हेटची १,०६४ अश्वशक्ती अपुरी ठरवा, मात्र गाडीत बसता-उठताना गुडघे दुखू नयेत, अशीही अट घाला. मागच्या डिकीत गोल्फच्या दोन बॅगा मावतात, याची चेष्टा करू नये. मुलांच्या कॉलेजची फी फेडून झाल्यावर जो माणूस खरोखर पैसे मोजतो, त्याच्याच त्या बॅगा आहेत आणि त्याच्याच जिवावर आपली रसिकता चालली आहे.

राहता राहिली ती बटणे. आठव्या पिढीच्या गाडीत चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्यामध्ये एसीच्या बटणांची एक लांबच लांब रांग होती. घरात भाऊबंदकी होऊन मध्ये भिंत घातल्यासारखी ती दिसते, अशी टीका आपण सर्वांनी २०१९ पासून एकमुखाने केली. २०२६ च्या गाडीतून कंपनीने ती रांग काढून टाकली आणि तिसरा डिजिटल पडदा बसवला. आता विलंब करू नका. ‘पडद्यावर बोट आपटण्यात ती मजा नाही, खरी बटणे ती हीच’ या वाक्याचा रोज सकाळी सराव करा, आणि अपघातात सापडलेल्या एखाद्या गाडीतली ती रांग भंगारात अखंड मिळाली, तर घासाघीस न करता घेऊन ठेवा.