लाज काढल्यानं हेस्टर सुधारली, हे कुठल्या पानावर आहे?

‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीबद्दल एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. म्हणे ही खरी घडलेली गोष्ट आहे. नायिका हेस्टर प्रिनला व्यभिचाराबद्दल भर चौकात उभं करून तिच्या छातीवर लाल ‘ए’ (‘अ‍ॅडल्टरी’, म्हणजे व्यभिचार, याचं पहिलं अक्षर) लावला म्हणून ती सुधारली, तेव्हा आजही अशीच शिक्षा हवी. आणि तिनं गुपित पोटात ठेवलं हा तिचा मोठेपणा. परवा एका नातेवाइकानं हा मेसेज माझ्या भाचीला पाठवला, खाली ‘मुलींनी जरूर वाचावं’ असं लिहून. ती हीच कादंबरी बी.ए.ला अभ्यासतेय. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

खरी गोष्ट? नाही. नॅथॅनिएल हॉथॉर्नची ही १८५० सालची कादंबरी. अमेरिकेतल्या सेलमच्या कस्टम हाउसमध्ये (जकात कचेरीत) कापडी अक्षर आणि जुने कागद सापडल्याचं प्रस्तावनेत येतं, ती रचलेली कथाच आहे. कायदा मात्र खरा होता, एवढं मान्य करते: अमेरिकेतल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीत १६५८ पासून व्यभिचाराबद्दल कपड्यावर ‘एडी’ अक्षरं वागवावी लागत.

आता ‘सुधारली’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळं विष तिथं आहे. तीन महिन्यांच्या मुलीला, पर्लला, कडेवर घेऊन हेस्टर चौथऱ्यावर उभी असते, तेव्हा पाद्री विल्सन तिला सांगतो की बापाचं नाव सांग आणि पश्चात्ताप कर, तर हे अक्षर कदाचित उतरेल. ती नाव सांगत नाही. पुढची सात वर्षंही सांगत नाही. गर्दीतल्या बायका तिच्या कपाळावर डाग द्या म्हणतात, एक तर तिचा जीवच घ्या म्हणते. यात सुधारलं कोण? शिक्षा झाली ती पर्लला: गावातली पोरं या मायलेकींवर चिखल फेकायला धावतात, आणि मुलगी आईपासून काढून घ्यायची भाषा गव्हर्नरच्या घरापर्यंत पोचते.

तेराव्या प्रकरणात एकटी पडलेली हेस्टर या विचारापर्यंत येते की पर्लला आत्ताच स्वर्गात पाठवावं आणि आपणही मरावं. त्याच्या लगेच पुढं हॉथॉर्न स्वतः लिहितो की त्या लाल अक्षरानं आपलं काम केलं नव्हतं. लेखकानं इतकं स्पष्ट सांगितल्यावर त्याच्याच नावावर उलटा निष्कर्ष खपवायचा, हा शुद्ध खोटेपणा आहे. पुढं जंगलात ती ते अक्षर काढून फेकते आणि पर्लचा बाप असलेल्या पाद्री डिम्सडेलसोबत बोटीनं पळून जायचा बेत करते.

शेवटी बरीच वर्षं परदेशात राहून ती परत येते आणि अक्षर पुन्हा लावते, हे खरं. पण तेव्हा तिच्यावर कुणाचीच सक्ती नसते. दुखावलेल्या बायका सल्ल्यासाठी तिच्या दारी येतात, त्या तिची लाज काढायला नव्हे.

राहिला गुपिताचा मोठेपणा. गुपितं दोन आहेत, आणि मेसेजवाल्याला एकच माहीत आहे. पाद्री डिम्सडेलनं पितृत्व लपवलं, आणि त्यात तो आतून झिजत मेला. दुसरं गुपित चिलिंगवर्थचं: हा आपला नवरा आहे, हे कुणाला न सांगायचं वचन हेस्टरनं त्याला तुरुंगात दिलं. त्या मौनाच्या आडोशानं तो वैद्य म्हणून डिम्सडेलच्याच घरात राहिला आणि रोज त्याला छळत राहिला. जंगलात हेस्टर हे सांगते, तेव्हा मोठेपणा मिरवत नाही. ती डिम्सडेलकडे क्षमा मागते, आणि तो ती पटकन देतही नाही.