मोडेनाच्या स्टेडियमला ज्याचं नाव आहे तो फुटबॉलर नव्हता

इटालियन फुटबॉल बघणाऱ्या मित्रांनो, गूगल न करता सांगा. मोडेनाची टीम ज्या ग्राउंडवर खेळते त्याला अल्बेर्तो ब्राल्याचं नाव आहे आणि रिमिनीच्या ग्राउंडला रोमेओ नेरीचं, तर हे दोघं कुठल्या पोझिशनला खेळायचे?

कुठल्याच नाही. दोघंही जिम्नॅस्ट होते. दर आठवड्याला हजारो लोक त्यांच्या नावाखाली बसून रेफ्रीला शिव्या घालतात आणि त्यातल्या किती जणांना हे माहीत असेल देव जाणे.

मला जिम्नॅस्टिक्सचं वेड आहे हे लिस्टमधल्या बहुतेकांना माहितीये, पण इटलीबद्दल कधी लिहिलं नव्हतं. आपल्याकडे जिम्नॅस्टिक्स म्हटलं की नादिया, मग रशिया, चीन, जपान आणि आता सिमोन बाइल्स, गाडी इथेच थांबते. अरे पण १९०८, १९१२ आणि १९२० या तिन्ही ऑलिम्पिकचा ऑल-अराउंड (सगळे प्रकार मिळून एकट्याचा) चॅम्पियन इटलीचा होता, पहिले दोन वेळा ब्राल्या आणि तिसऱ्यांदा मिलानचा जॉर्जो झाम्पोरी, मधलं १९१६ चं तर महायुद्धामुळे झालंच नाही. आणि माझं मत विचाराल तर या लोकांची खरी कहाणी मेडलमध्ये नाहीये, ती दोन ऑलिम्पिकच्या मधल्या वर्षांत आहे, जेव्हा कोणी बघत नसतं आणि पोट तर रोजच भरायचं असतं.

ब्राल्याचंच घ्या. १८८३ चा जन्म, मोडेनाजवळचं काम्पोगालियानो गाव, घरची गरिबी. पानारो नावाच्या क्लबात तयार झाला, १९०६ ला अथेन्सला दोन सिल्व्हर घेतली (ते गेम्स आता ऑफिशियल धरत नाहीत, तो वेगळा वाद) आणि १९०८ ला लंडनमध्ये गोल्ड. ३१७ पॉइंट्स, दुसऱ्या नंबरच्या इंग्रजाचे ३१२. घरी आल्यावर हारतुरे झाले असतील, भाषणं झाली असतील, पण पगार कोण देणार? मग हा ऑलिम्पिक चॅम्पियन सर्कशीत ‘मानवी टॉर्पेडो’ नावाने जीवावरचे खेळ करायला लागला, त्यात जबर जखमी झाला, त्याच काळात छोटा मुलगाही गेला. आणि इटलीच्या जिम्नॅस्टिक्स फेडरेशनने काय केलं, तर पैसे घेऊन खेळ करतोस म्हणजे तू प्रोफेशनल झालास म्हणून त्यालाच बाहेर काढलं!

या अमॅच्युअर नियमाबद्दल मला कायम संताप येतो. खेळासाठी खेळा, पैशासाठी नको, हे ऐकायला काय सुंदर वाटतं, पण हे म्हणणाऱ्यांच्या घरी इस्टेटी होत्या. ज्याच्या घरात पीठ नाही त्याने ‘शुद्ध’ राहायचं म्हणजे नक्की खायचं काय? याच १९१२ च्या स्टॉकहोममध्ये अमेरिकेच्या जिम थॉर्पने डेकॅथलॉन आणि पेंटॅथलॉन दोन्ही जिंकलं आणि आधी कधीतरी थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळला म्हणून पुढच्या वर्षी त्याची मेडल्स काढून घेतली. ब्राल्याचं नशीब त्यातल्या त्यात बरं, त्याला परत घेतलं. परत घेतलं म्हणजे असं की ज्याला हाकलला त्याच्याच हातात देशाचा झेंडा दिला, आणि पठ्ठ्याने स्टॉकहोमला ऑल-अराउंड गोल्ड आणि टीमचं गोल्ड दोन्ही आणलं.

मग परत सर्कस, जोडीदाराबरोबर कॉमेडीचे खेळ. बऱ्याच वर्षांनी फेडरेशनला त्याची आठवण झाली, १९३२ च्या लॉस एंजेलिसला कोच म्हणून पाठवला आणि त्या टीमनेही गोल्ड मारलं. वरचा रोमेओ नेरी त्याच टीममधला. ऑल-अराउंड, पॅरलल बार्स (दोन समांतर दांड्या) आणि टीम अशी तीन गोल्ड, आणि ऑल-अराउंडमध्ये १४०.६२५ विरुद्ध हंगेरीच्या इश्तवान पेलेचे १३४.९२५. हल्ली जिथे दशांशाच्या तिसऱ्या आकड्यावर रडारड होते तिथे हा माणूस जवळजवळ सहा पॉइंट्सनी पुढे. त्याच टीममधला सावीनो गुल्येल्मेत्ती जेमतेम विशीतला, त्याने व्हॉल्टचं (धावत येऊन उडी मारायचा प्रकार) गोल्ड वेगळं घेतलं.

आणि कोच ब्राल्याचं पुढे काय? म्हातारपण हलाखीत गेलं, मोडेनातच व्यायामशाळेत झाडलोट-देखभालीचं काम करायची पाळी आली. १९५४ ला गेला. स्टेडियमला नाव नंतर. मेल्यावर नाव द्यायला पैसे लागत नाहीत ना, म्हणून ते देतात.

आता पावियाच्या पोरींबद्दल, कारण हे मला सगळ्यात जास्त आवडतं. १९२८, ॲमस्टरडॅम, बायकांना पहिल्यांदाच ऑलिम्पिक जिम्नॅस्टिक्समध्ये घेतलं, तेही फक्त टीम इव्हेंट, एकटीला मेडल वगैरे नाही. पाचच देश. इटलीची आख्खी टीम मिलानच्या खालच्या पाविया या एका गावची. बारा मुली, बहुतेक शाळकरी वयाच्या. त्यातली लुइजिना जावोत्ती, तिला बारावं वर्षही पूर्ण नव्हतं! सिल्व्हर मिळालं. ऑलिम्पिक मेडल घेणारी सगळ्यात लहान मुलगी म्हणून तिचा रेकॉर्ड अजून कोणी तोडला नाही आणि आता वयाची अट आल्यावर जिम्नॅस्टिक्समध्ये तर तुटणारही नाही.

पण बघा, या पोरी चार वर्षांनी ऐन भरात आल्या असत्या, आणि १९३२ ला बायकांचं जिम्नॅस्टिक्स ठेवलंच नाही. सरळ काढून टाकलं. म्हणजे बाराव्या वर्षी मेडल आणि सोळाव्या वर्षी स्पर्धाच गायब. जिंकलेल्या डच टीमचं तर त्याहून भयानक, त्यातल्या बऱ्याच मुली ज्यू होत्या, महायुद्धात त्यातल्या चौघी आणि त्यांचा कोच नाझींच्या छळछावण्यांत मारले गेले. हे वाचल्यापासून १९२८ चे ते ब्लॅक अँड व्हाइट फोटो मला नीट बघवत नाहीत.

पावियाच्या टीममधली कार्ला मारांगोनी १०२ वर्षं जगली, २०१८ ला वारली. इटलीच्या मुलींना पुढचं टीम मेडल मिळालं ते थेट २०२४ ला पॅरिसमध्ये, परत सिल्व्हर. ९६ वर्षांनी!

फ्रांको मेनिकेल्लीवर खरं तर वेगळी पोस्ट हवी. रोमचाच पोरगा, १९६० ला घरच्या ऑलिम्पिकमध्ये, काराकाल्लाच्या पुरातन स्नानगृहांच्या भिंतींमध्ये जिम्नॅस्टिक्स झालं तिथे फ्लोअरचं (जमिनीवरच्या कसरती) ब्राँझ, मग १९६४ ला टोकियोत जपान्यांच्या घरात जाऊन फ्लोअरचं गोल्ड. १९६८ ला मेक्सिकोत अकिलिस टेंडन (टाचेच्या वरची जाड शीर) गेला, करिअर संपलं.

आणि आता माझा हिरो, युरी चेची. १९६९ चा, प्रातोचा. नाव अंतराळवीर युरी गागारिनवरून ठेवलेलं. रिंग्जवर (दोऱ्यांना टांगलेल्या दोन कड्या) १९९३ ते १९९७ सलग पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन. ज्यांनी रिंग्ज कधी धरल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, यात झुलणं सोपं असतं, थांबणं महाकठीण. दोन्ही हात आडवे पसरून अंग क्रॉससारखं धरायचं आणि किमान दोन सेकंद हलायचं नाही, वर दोऱ्या स्वतःहून हलत असतात त्या पण गप्प ठेवायच्या. हात लांब असले की खांद्यावर लोड वाढतो म्हणून बुटक्यांचं इथे राज्य. चेची बघितला तर वाटतं कोणीतरी व्हिडिओ पॉज केलाय.

तर हा १९९२ ला बार्सिलोनाचा फेव्हरिट, आणि गेम्सच्या थोडं आधी अकिलिस टेंडन तुटला. १९९६ ला अटलांटामध्ये गोल्ड, ९.८८७, मेनिकेल्लीनंतर ३२ वर्षांनी इटलीचं पहिलं जिम्नॅस्टिक्स गोल्ड. मग सिडनीच्या आधी दंडाचा बायसेप टेंडन तुटला. रिंग्जवाल्याचा बायसेप! सगळ्यांनी संपला म्हणून सोडून दिलं. वडील आजारी पडले तेव्हा त्याने त्यांना कबूल केलं होतं की तुम्ही बरे व्हा, मी परत उतरतो, आणि २००४ ला अथेन्सला चौतिशीत, इटलीचा झेंडा घेऊन, हा खरंच उतरला. आपण तेव्हा नेमबाज राठोडच्या सिल्व्हरच्या आनंदात होतो, इकडे फारसं कोणी बघितलं नसेल. ब्राँझ मिळालं. माझ्या मते हे ब्राँझ अटलांटाच्या गोल्डपेक्षा मोठं, आणि यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. अटलांटात तो जगात बेस्ट होता, जिंकणारच होता. अथेन्सला त्याच्याकडे एक दुरुस्त केलेला दंड होता आणि समोर दहा-दहा वर्षांनी लहान पोरं.

बरं, त्या फायनलचा निकालही गाजला. गोल्ड ग्रीसच्या टाम्पाकोसला ९.८६२, सिल्व्हर बल्गेरियाच्या योवचेव्हला ९.८५०. फरक ०.०१२, आणि स्टेडियम ग्रीसचं. चेचीने तिथेच, सगळ्यांसमोर, खुणेने दाखवून दिलं की खरा विजेता योवचेव्ह आहे. स्वतःचं मेडल गळ्यात असताना दुसऱ्यासाठी हे कोण करतं हो? दुसऱ्या दिवशी हाय बारला (उंच आडवी दांडी) रशियाच्या नेमॉव्हच्या कमी स्कोअरवरून पब्लिकने इतका आरडाओरडा केला की जजेसना मार्क वाढवावे लागले, तिथे गोल्ड परत इटलीच्याच इगोर कासीनाला गेलं, पण लोकांच्या लक्षात राहिला नेमॉव्ह. बिचारा कासीना.

यूट्यूबवर ती रिंग्ज फायनल आहे का बघा. सापडली तर कॉमेंट्री म्यूट करून बघा आणि टाम्पाकोस की योवचेव्ह ते खाली सांगा. मी चेचीच्या बाजूने, म्हणजे योवचेव्ह. आणि ज्यांनी वरच्या प्रश्नाला ‘मिडफिल्डर’ असं मनातल्या मनात उत्तर दिलं होतं त्यांनी पण प्रामाणिकपणे कळवा.