रविवारची एक चक्कर पुरत नाही

‘वृद्धाश्रम निवडणं सोपं आहे. शहराबाहेरचा, मोकळ्या हवेतला, नोंदणी असलेला बघा. रविवारी एक चक्कर मारा, डिपॉझिट भरा, आईवडिलांची काळजी मिटली.’ नागपुरात हा सल्ला घरोघरी फॉरवर्ड होतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाला हरकत आहे.

नोंदणीचं आधी. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असली म्हणजे ट्रस्ट कायदेशीर आहे आणि त्याला हिशेब द्यावे लागतात. पहाटे तीन वाजता आजोबांची कूस कोण बदलतं, हे तो दाखला सांगत नाही.

रविवारी सकाळी फरशी पुसलेली असते, चादरी धुतलेल्या असतात, कारण नातेवाईक यायचे असतात. जायचं ते रात्री, ड्युटी बदलते तेव्हा. बहुतेक ठिकाणी आठच्या सुमारास. विचारायचं एवढंच: आज रात्री जागे किती जण, आणि अंथरुणाला खिळलेले किती? मग हिशेब करा. अशा माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. कूस बदलणं, ओला डायपर काढणं, अंग पुसणं याला दहा मिनिटं धरा. पंधरा जणांना अडीच तास झाले. म्हणजे एकट्या मावशीची पहिली फेरी संपायच्या आत दुसरीची वेळ उलटून गेलेली असते. तिचा दोष नाही, हात कमी आहेत.

कूस बदलल्याचा तक्ता मागून बघा. रात्री आठ वाजता त्यात दहाची आणि बाराची नोंद आधीच झालेली असेल, तर तिथे आईला ठेवू नका. ठेवलंच कुठे, तर दर भेटीत माकडहाड आणि टाचा स्वतः पाहा. दाबल्यावरही न जाणारी लाली ही बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं.

‘शहराबाहेर मोकळी हवा’ डिसेंबरात ठीक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हातारपणी तहान कमी लागते, त्यात बीपीसाठी लघवीची गोळी चालू असते. कूलरच्या ताट्या ओल्या आहेत का, समोरची खिडकी उघडी आहे का (बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो), लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर फक्त पंखे चालतात की कूलरही, आणि पाण्याचा पेला पलंगावरून हाताला लागतो का, हे बघा. शिवाय लकवा मारला तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून. त्यामुळे गाडी आणि ड्रायव्हर रात्री आवारात असतात का, आणि सीटीची सोय असलेल्या दवाखान्यात पोचायला किती मिनिटं लागतात, हे बागेपेक्षा महत्त्वाचं.

डिपॉझिटने काळजी मिटत नाही, ती करारावर अवलंबून राहते. डायपर, फिजिओथेरपी, दवाखान्यातला अटेंडंट यांचे पैसे वेगळे का? आज चालणारे बाबा उद्या खिळले तर ठेवतील की घेऊन जा म्हणतील? मध्येच सोडलं किंवा माणूस गेला, तर किती रक्कम, किती दिवसांत परत? हे सगळं लेखी हवं. तोंडी ‘बघून घेऊ’ चालणार नाही.

आणि मोठी रक्कम भरण्याआधी पंधरा दिवस रोजच्या दराने ठेवून बघायची सोय मागा. जमलं तर ते पंधरा दिवस मे महिन्यातलेच घ्या.