‘भाडोत्री’ या शब्दाबद्दल

नमस्कार.

श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा हात थरथरत होते, म्हणून चार दिवस उत्तर लिहायचं टाळलं. लेखात मी एवढंच म्हटलं होतं की, श्रीलंकेत फौज पाठवण्याचा निर्णय चुकला असेल, पण १९८७ ते १९९० या काळात तिथे लढून आलेल्या जवानांना आपण आदर द्यायला हवा होता आणि तो दिला नाही. त्यावर तुमचं म्हणणं असं: माझी तारीख चुकली, जाफना रुग्णालयाबद्दल मी मूग गिळून बसले, चुकीचा हुकूम पाळणारा निर्दोष नसतो, माय लाय आठवा (व्हिएतनाममधलं ते गाव, जिथे अमेरिकी सैनिकांनी गावकऱ्यांची कत्तल केली), आणि शेवटी, ‘परक्या देशात पगारासाठी बंदूक चालवतात ते भाडोत्री, त्यांच्यासाठी गळा काढू नका.’

तारखेचं तुमचं बरोबर आहे. ज्या करारामुळे ही फौज गेली त्या भारत-श्रीलंका करारावर कोलंबोत सही झाली ती २९ जुलै १९८७ रोजी. मी ३० लिहिलं होतं. ३० जुलैला मानवंदना स्वीकारताना राजीव गांधींवर तिथल्या एका नौसैनिकाने बंदुकीच्या दस्त्याने वार केला, त्या दिवसाची तारीख माझ्या डोक्यात बसली होती. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. मात्र ‘शाळकरी मुलंही तपासून लिहितात’ हे पुढचं वाक्य कशासाठी होतं? चूक दाखवण्यासाठी त्याची गरज नव्हती. ते मला खाली पाडण्यासाठी होतं आणि तुमची सगळी प्रतिक्रिया त्याच सुरात आहे. असहमती मी समजू शकते. हा सूर नाही समजू शकत.

आता ‘भाडोत्री’.

हा शब्द तुम्ही सहज टाकून दिलात. त्याला अर्थ आहे. भाडोत्री सैनिक जास्त पैसे देईल त्याच्या बाजूने लढतो, त्याला देशाशी देणंघेणं नसतं. जिनिव्हा करारांना १९७७ साली पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल जोडला गेला, त्याच्या ४७व्या कलमात भाडोत्री कुणाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे. लढणाऱ्या पक्षाच्या सशस्त्र दलाचा सदस्य त्यात बसत नाही, हे तिथे स्पष्ट म्हटलं आहे. शब्द वापरण्यापूर्वी तो तपासायचा, हे तुम्हीच मला शिकवत होतात ना?

आणि पगार. हो, शांतिसेनेत गेलेले माझे वडील पगार घेत होते. हवालदाराचा पगार, आणि त्यावर आई, आजी आणि आम्ही तीन भावंडं. पण पगार आवडला नाही म्हणून त्यांना मध्येच निघून येता येत नव्हतं. १९५०च्या आर्मी ॲक्टमध्ये कायदेशीर हुकूम धुडकावणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. बेकायदा हुकूम नाकारता येतो, नाकारलाच पाहिजे. पण ‘तुमची पलटण जाफन्याला चालली आहे’ हा बेकायदा हुकूम नव्हता. तो निवडून आलेल्या सरकारचा निर्णय होता. करार बरोबर की चूक हे ठरवायला संसद होती, वर्तमानपत्रं होती, मतदार होते. त्या तिघांना सोडून तुम्ही थेट हवालदाराकडे बोट दाखवता.

मी तेव्हा सहावीत होते. पत्रं ५६ एपीओच्या, म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाच्या, पत्त्यावर जायची, निळी इनलॅण्ड. वडिलांच्या पत्राची शेवटची घडी माझ्यासाठी राखलेली असायची, तिच्यात अक्षर बारीक करून दोन ओळी लिहिलेल्या असायच्या: अभ्यास कर, आईला पाणी भरायला मदत कर. लढाईबद्दल अक्षरही नाही. ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन पवन, म्हणजे जाफना ताब्यात घेण्याची मोहीम, सुरू झालं आणि पाच आठवडे पत्र आलं नाही. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाईट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस मारले गेले, एक पकडला गेला. हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या पाच आठवड्यांत आईने रेडिओ बंद करू दिला नाही. झोपतानाही नाही.

ज्यांच्याशी लढायचं होतं त्या तमिळ वाघांना, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांना, काही वर्षांपूर्वी भारतातच प्रशिक्षण मिळालं होतं. ज्या तमिळ लोकांनी सुरुवातीला जवानांच्या गळ्यात हार घातले, त्यांच्याच गल्ल्यांत नंतर सुरुंग पेरलेले असायचे. हे सगळं ठरवलं कुणी? माझ्या वडिलांनी नाही. ते स्वतः म्हणतात, ‘ते भांडण आपलं नव्हतं.’ तुम्हाला वाटतं आम्ही घरात युद्धाची आरती करतो? नाही करत. ‘पण पलटणीतली पोरं आपली होती,’ असंही ते पुढे म्हणतात, आणि मग विषय बदलतात.

परत आल्यावर काय झालं तेही सांगते, कारण तुम्ही ‘गळा काढू नका’ म्हणालात. मार्च १९९०मध्ये शेवटच्या तुकड्या जहाजांनी मद्रासला आल्या. त्या राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत, आणि ते त्यांनी उघडपणे केलं. वडील रजेवर घरी आले तेव्हा एका नातेवाइकाने ट्रंकेकडे बघत विचारलं, ‘तिकडून काय आणलं? टीव्ही की व्हीसीआर?’ ट्रंकेत दोन गणवेश, एक घोंगडी आणि आमच्या पत्रांचा गठ्ठा होता. पुढची कित्येक वर्षं बाबा कच्च्या वाटेवर मला पुढे जाऊ देत नसत. थांब म्हणायचे, स्वतः पुढे व्हायचे आणि मातीचा रंग बघून पाऊल टाकायचे. नुकती उकरलेली माती दिसली की लांबून वळसा. मला वाटायचं, त्यांना सापाची भीती वाटते.

अशा माणसाला तुम्ही एका ओळीत भाडोत्री म्हणालात. तुम्ही कधी कुणाच्या पत्राची पाच आठवडे वाट पाहिली आहे का? नसेल पाहिली, तर निदान शब्द जपून वापरायला काय हरकत होती?

माय लायचं उदाहरण मात्र तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत. १६ मार्च १९६८ रोजी तिथे गावकऱ्यांना मारणारा लेफ्टनंट कॅली होता, हे खरं. पण ह्यू थॉम्पसन नावाचा हेलिकॉप्टर पायलटही तिथे होता. त्याने आपलं हेलिकॉप्टर गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्यामध्ये उतरवलं आणि लोकांना वाचवलं. गणवेश तोच, युद्ध तेच, सैन्य तेच. त्याला त्यासाठी ‘सोल्जर्स मेडल’ मिळालं १९९८ साली, म्हणजे तीस वर्षांनी. ‘ते सगळे तसलेच’ या तुमच्या मापाने मोजलं तर थॉम्पसनही कॅलीच्याच रांगेत उभा राहतो. मेजर रामस्वामी परमेश्वरन, ८ महार, २५ नोव्हेंबर १९८७, छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून लढलेले, मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांनाही भाडोत्री म्हणणार का? म्हणा, पण मग नाव घेऊन म्हणा.

जाफना रुग्णालयाबद्दल: २१ ऑक्टोबर १९८७ रोजी, ऐन दिवाळीत, तिथे शांतिसेनेच्या कारवाईत रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या. मी ते नाकारलेलं नाही आणि त्याचं समर्थनही करणार नाही. माझ्या लेखाचा तो विषय नव्हता, एवढंच. बाकीचे मुद्दे, म्हणजे संरक्षणावरचा खर्च वगैरे, इथे गैरलागू आहेत, त्यांना उत्तर देत नाही.

कोलंबोजवळ श्री जयवर्धनेपुर कोट्टे इथे शांतिसेनेचं स्मारक आहे. तिथे काळ्या दगडावर सुमारे बाराशे नावं कोरलेली आहेत. ज्या देशात आपलं सैन्य नकोसं झालं होतं, त्या देशाने ते उभारलं. त्यांना तेवढं जमलं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, मोबाईलवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत. लेख माझ्या मुलीने त्यांना वाचून दाखवला. ते ऐकत होते, मध्ये एकदा ‘ट्रंक हिरवी होती, काळी नाही’ एवढंच म्हणाले. ती खालच्या प्रतिक्रिया वाचायला लागली तेव्हा मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.