‘दोन दिवसांत डायनॅमिक थेरपिस्ट’: प्रमाणपत्र मिळेल, हात बसणार नाही

नागपुरातल्या समुपदेशकांच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय: “डिप्रेशनसाठीची सायकोडायनॅमिक थेरपी आता 16 सत्रांत बसते. मॅन्युअल आहे, शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत कोणीही शिकेल. बालपण विचारायचं आणि ऐकून घ्यायचं. अनुभवी माणसाला सुपरव्हिजन कशाला? सत्र रेकॉर्ड करणं तर बेकायदाच.”

16 सत्रं. हे खरं आहे. (सायकोडायनॅमिक म्हणजे नात्यांबद्दलचे मनात नकळत रुतलेले साचे शोधून त्यांवर काम करणारी थेरपी.) ॲलेसँड्रा लेमा, मेरी टार्गेट आणि पीटर फोनागी यांनी इंग्लंडमध्ये बांधलेली डायनॅमिक इंटरपर्सनल थेरपी आठवड्याला एक अशी 16 सत्रांचीच आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲमस्टरडॅमच्या चाचणीत 341 रुग्ण होते. तिथली पद्धत याच घराण्यातली, पण वेगळी. 16 सत्रांनंतर ती आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) यांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र लक्षणं जवळपास गेलेले रुग्ण दोन्हीकडे पाव हिश्शाहून कमी. जादू कुठेच नाही.

“बालपण विचारायचं.” पहिल्या चार सत्रांत शोधायचा असतो एकच साचा. त्याचे चार भाग: मी कसा, समोरचा कसा, त्यातून कोणती भावना उठते, आणि हे चित्र धरून ठेवल्याने रुग्ण कशापासून वाचतो. उदाहरणार्थ, ‘मी ओझं, समोरचा कंटाळणार, मग लाज, आणि मागणंच सोडलं की नकार ऐकावा लागत नाही.’ हे रुग्णाच्याच शब्दांत त्याच्यासमोर ठेवायचं, त्याने दुरुस्त करायचं. 5 ते 12 या सत्रांत आजच्या नात्यांमधून त्यावर काम. बालपण लागेल तेवढंच. नवखा थेरपिस्ट सहाव्या-सातव्या सत्रापर्यंत इतिहासच गोळा करत बसतो. साचा ठरत नाही आणि उरलेली सत्रं गप्पांत जातात.

“अनुभवी माणसाला सुपरव्हिजन कशाला?” सुपरव्हिजन म्हणजे आपली सत्रं जाणत्या थेरपिस्टकडून तपासून घेणं. अनुभवीच इथे जास्त अडखळतो, कारण धीर देण्याची सवय जिभेवर बसलेली असते. वरचाच रुग्ण दहाव्या सत्रात म्हणतो, “जाऊ द्या नं मॅडम, तुमाले अजून किती तरास देऊ?” मॅडम पटकन म्हणतात, “छे, त्रास कसला!” जो साचा शोधायला चार सत्रं घातली, तो खोलीत जिवंत झाला होता आणि तिथेच मिटला. विचारायला हवं होतं: “मीही आता कंटाळले, असं वाटतंय का?” नंतर नोंदवहीत लिहिलं जातं ‘रुग्णाला आधार दिला’. नोंद वाचून सुपरव्हायझरला काही कळणार नाही. आवाज ऐकला तर ते दोन सेकंद सापडतात. म्हणून या प्रशिक्षणात वर्गातल्या दिवसांनंतर दोन पूर्ण केसेस, म्हणजे 32 सत्रं, रेकॉर्डिंगसह तपासून घ्यायची असतात.

दुसरी हमखास चूक शेवटाला होते. 13 ते 16 ही सत्रं निरोपाची. तेव्हा पीएचक्यू-9 चा (डिप्रेशन मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीचा) आकडा पुन्हा चढला की थेरपिस्ट घाबरून सत्रं वाढवतो आणि निरोपाचं बोलणं टळतं. आधी वियोगाबद्दल बोला. नववा प्रश्न मात्र दर वेळी बघा. आत्महत्येचे विचार असतील तर साचा बाजूला, सुरक्षिततेची योजना आणि मानसोपचारतज्ज्ञ आधी. तारखाही पहिल्याच दिवशी मोजून द्या. जुलैत सुरू केलेली केस पोळा, गणपती आणि नवरात्र ओलांडून जाते. बुडालेलं सत्र सोळांत धरायचं की नाही, हे तेव्हाच ठरवा.

“रेकॉर्डिंग बेकायदा.” 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 23 गोपनीयतेचा हक्क देतं. रुग्णाच्या लेखी संमतीने केलेलं रेकॉर्डिंग त्याने बेकायदा ठरत नाही. कागदावर लिहा: कोण ऐकणार, कधी पुसणार, नकार दिला तरी उपचार तसेच चालतील. सुपरव्हायझरचं नाव आधी सांगा, कारण धंतोली-रामदासपेठेच्या वर्तुळात तो रुग्णाचा नातलग निघू शकतो. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नका!

“कोणीही.” औदासीन्याआड लपलेला बायपोलर (उदासी आणि उन्माद यांचे झटके येणारा आजार) किंवा सायकोसिस (वास्तवाशी संबंध तुटणं) ज्याला ओळखता येत नाही, त्याने आधी ते शिकावं.

कार्यशाळेचे पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा: नंतर आमची रेकॉर्डिंग कोण ऐकणार, आठवड्याला किती वेळ, आणि दोन केसेस पूर्ण न केलेल्याला प्रमाणपत्रावर नेमकं काय लिहून देणार?