निवासी शाळाच कशाला?
लेखात म्हटलंय, खेड्यातल्या अंध मुलाला निवासी शाळेतच घालावं. मला अर्धंच पटलं. वरोऱ्याच्या आनंदवनात अंध विद्यालय आहे, चांगलंच आहे. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या लेकराला गावच्या शाळेतही मोफत शिकायचा हक्क दिलाय. घोडं अडतं ते ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावाच्या ठिपक्यांची लिपी, शिकवणाऱ्यापाशी. आमच्या यवतमाळकडे विशेष शिक्षक पावसाळ्यात फिरकतच नाहीत. माझी अंध भाची ब्रेलपाटीवर कागद लावून उजवीकडून डावीकडे ठिपके टोचते, मग कागद उलटून डावीकडून वाचते. वर्गातली डोळस पोरं "मले बी शिकव ना" म्हणून तिच्या मागं! दहावीच्या लेखनिकाचा, म्हणजे तिनं सांगितलेली उत्तरं लिहून देणाऱ्याचा, अर्ज मात्र शाळेनं वेळेत करावा, ऐनवेळी फार धावपळ होते.