तबकडीवरची उपज

पुण्याच्या गाणाऱ्या मित्रमंडळींशी बोलणं झालं की हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते: मुलं यूट्यूबवरून ताना जशाच्या तशा उचलतात, उपज (आयत्या वेळी सुचेल ते गाणं) संपली. पॅरिसमध्ये राहून मला ही तक्रार अर्धीच पटते.

इथे तर त्याहून मोठा उद्योग झालाय. सेंत-क्लोतिल्द चर्चचे ऑर्गनवादक शार्ल तूर्नमीर यांनी १९३०-३१मध्ये तिथल्या ऑर्गनवर आयत्या वेळी सुचेल तसं वाजवलं आणि त्याच्या तबकड्या निघाल्या. तूर्नमीर १९३९मध्ये गेले. पुढे त्यांचे शिष्य मॉरिस द्युरुफ्ले यांनी त्या तबकड्या ऐकून पाच वादनं सुरासुरानं कागदावर उतरवली. १९५८ साली ती छापून आली. गुरूला एकदाच सुचलेलं आता कुठलाही वादक समोर कागद ठेवून वाजवतो, त्याचंही ध्वनिमुद्रण करतो. म्हणजे नकलेची नक्कल.

मग उपज मेली का? अजिबात नाही. चर्चमधल्या प्रार्थनेत प्रसाद घेणाऱ्यांची रांग कधी संपेल हे ऑर्गनवाल्याला ठाऊक नसतं. दोन मिनिटं की सात, तेवढं त्याला सुचावंच लागतं. नोत्र-दामचे ऑर्गनवादक पिएर कोशरो यांचं नाव तर मुख्यतः अशा वादनावरच झालं. काँझर्व्हेटरीत (इथल्या संगीत विद्यालयात) याचा वेगळा वर्गही असतो.

आणि मूळ ध्वनिमुद्रणालाही इतकं सोवळ्यात ठेवायचं कारण नाही. संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांनी १९५६मध्ये त्रिनिते चर्चमध्ये स्वतःच्याच रचना मुद्रित केल्या. ऑर्गन चांगलाच बेसूर, आणि लय स्वतःच छापलेल्या स्वरलिपीशी फटकून. मला त्याच तबकड्या सर्वांत आवडतात. (सुधारलेल्या, चकचकीत आवृत्त्या ऐकल्या की झोप येते.)

कुमार गंधर्व लहानपणी तबकड्यांवरचं गाणं हुबेहूब गात. पुढे गायनगुरू देवधरांकडे शिकले आणि स्वतःची वेगळीच गायकी घडवली, ते आपण जाणतोच. त्यामुळे दोष यूट्यूबचा नाही. इथल्या होतकरू वादकाला दर रविवारी चर्चच्या ऑर्गनवर बसायला जागा आणि काहीतरी वाजवायची सक्ती आहे. पुण्यातल्या विशीतल्या गायकाला वर्षातून एखादी स्पर्धा मिळते, तीही दहा मिनिटांची, घंटा वाजेपर्यंत. त्यात तो पाठ केलेलंच गाणार. तक्रार करणाऱ्यांपैकी कितींच्या दिवाणखान्यात गेल्या वर्षभरात अशा एखाद्या मुलाची बैठक झाली?